घोडी बघायला तीनदा गेले

तुफानला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खोगीर चढवून तयारच उभा होता. तंगाखालचे, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखालचे, केस ओले होते आणि मानेवर घामाचा पांढरट डाग वाळत आला होता. मालक म्हणाले, "ताई, बसून बघा. एकदम गरीब जनावर आहे." मी बसले, आवारात चार फेऱ्या मारल्या, समोरच्या वाटेने जरा पुढे जाऊन आले. घोडा खरोखरच गरीब वाटला. तिथल्या तिथे विसार देऊन टाकला.

त्या ओल्या केसांचा अर्थ मला नंतर कळला. गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर दामटलेला घोडा शांतच दिसतो. त्याचा खरा स्वभाव बघायचा तर तो थंड अंगाने, चरत असताना, खोगिराविना बघायला हवा. त्याला पकडण्यापासून पुढचं सगळं आपल्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. मी यातलं काहीच केलं नाही, आणि पुढची दीड वर्षं आम्ही दोघांनी ते भोगलं.

तुफान वाईट घोडा होता असं मी कुणालाही म्हणू देत नाही. सात वर्षांचा, खच्ची केलेला, खूर दगडासारखे, आणि दम असा की चढ संपला तरी याचा जोर संपायचा नाही. पण मला हवी होती रानवाटेची रपेट. लगाम सैल सोडून दोन-तीन तास चालत जायचं, मधे थांबायचं, घोड्याला पाणी दाखवायचं, परत यायचं. तुफानला चालणं ठाऊकच नव्हतं. वाट दिसली की तो नाचत, आडवा होत, दुडकत निघायचा. दुसऱ्या घोड्याच्या मागे ठेवला की लगाम ओढून ओढून माझे दंड भरून यायचे. एका उतारावर झुडपातून पक्ष्यांचा थवा भुर्रकन उडाला, तुफान बुजला, जागच्या जागी गर्रकन वळला आणि मी खाली. हासळीचं हाड मोडलं. हात गळ्यात अडकवून सहा आठवडे घरी बसले, तेव्हा रोज संध्याकाळी त्याच्या ठाणाशी जाऊन उभी राहायचे. तो माझ्याकडे बघायचा आणि मग कुंपणापलीकडच्या वाटेकडे. त्याला पळायचं होतं. ते मी त्याला कधीच देऊ शकणार नव्हते.

विकायचा म्हटल्यावर ओळखीतल्या दोघातिघांनी एकच सल्ला दिला. "खोडी आधी सांगू नका. बघायला आला, आवडला, की कुणी विचारत नाही." हा सल्ला मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. शिवाय मी घोडा जवळपासच देणार होते. ज्या वाटांवर मी फिरते त्याच वाटांवर तो उद्या समोर येणार, त्याच्या पाठीवर कोण बसलंय हे मला दिसणार, आणि ते माणूस पडलं तर तेही कळणार.

म्हणून जाहिरातीत सगळं लिहिलं. वय, उंची, शेवटची नालबंदी कधी, लसी कोणत्या, जंताचं औषध कधी. आणि मग: "चालताना नाचतो. मागे राहायला आवडत नाही. रिकिबीत पाय घालताना स्थिर उभा राहत नाही. झुडपातून अचानक काही उडालं तर बुजतो. लाथ मारत नाही, चावत नाही, गाडीत बिनतक्रार चढतो. नवशिक्यासाठी नाही." फोटो खोगिराविना काढले, दोन्ही बाजूंनी, शिवाय चारही खुरांचे आणि दातांचे. एक चित्रफीत मी बसतानाची घातली. तीत तो तीनदा सरकतो ते स्पष्ट दिसतं.

पहिले दोन आठवडे जवळजवळ शांतताच होती. एकाने न बघताच घेतो म्हणून सांगितलं. त्याला नाही म्हटलं. एक गृहस्थ बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी तुफानवर भाळली, आणि भाळावं असाच तो दिसतो. वडील म्हणाले, "ताई, दोघं एकत्रच शिकतील हो." घोडेस्वारीत याइतका धोकादायक विचार मी दुसरा ऐकलेला नाही. अननुभवी स्वाराला अनुभवी घोडा लागतो आणि अननुभवी घोड्याला अनुभवी स्वार. मी त्यांना माझ्या हासळीवरचा उंचवटा दाखवला. ते नाराज होऊन गेले. मुलगी मागे वळून बघत होती, त्याचं मला वाईट वाटलं, पण विकायला मी तयार झाले नाही.

मग ती तरुण मुलगी आली. लांब पल्ल्याच्या रपेटीची तिला आवड. येताना स्वतःचा स्टेथोस्कोप घेऊन आली होती. तुफान चरत होता. "आधी असाच बघू दे," म्हणाली. त्याच्या डाव्या कोपरामागे नळी लावून, घड्याळाकडे बघत एक मिनिट उभी राहिली. ३८. विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. मग म्हणाली, "ताई, आधी तुम्ही बसून दाखवा." हे मला फार आवडलं. मालक स्वतः बसायला कां-कूं करत असेल तर आपण त्या घोड्यावर चढूच नये. मी बसले. तुफान नेहमीसारखा तीनदा सरकला. नंतर ती बसली, आणि आठ किलोमीटरचा चढउतार करून आली. घोडा घामाने काळा झाला होता, कान पुढे, नाकपुड्या फुललेल्या. खोगीर उतरवलं, सावलीत दहा मिनिटं चालवला, पुन्हा नळी लावली. ५६. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत पशुवैद्यक प्रत्येक टप्प्यावर हेच बघतात. ठोके ठरलेल्या वेळात साधारण ६४ किंवा त्याखाली उतरले नाहीत तर घोडा बाद. म्हणजे त्याची जी रग माझ्या हाताला जाणवत होती तो तिच्या कामाचा दम होता. तिने त्याच्या मानेवर थाप मारली आणि मला विचारलं, "हा कधी थकतो का हो?" मी खरं ते सांगितलं, की मी कधी पाहिलेलं नाही.

तुफान गेला त्या दिवशी रिकाम्या ठाणाशी बसून मी खूप रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून नवा घोडा शोधायला लागले.

या वेळी एकच बंधन घालून घेतलं. दीड तासाच्या अंतरापलीकडचा घोडा बघायचा नाही. दूरचा घोडा आपण एकदाच बघतो, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कसं जायचं, या भावनेने घेऊन टाकतो. जवळचा असेल तर दोनदा जाता येतं, तीनदा जाता येतं, पावसात जाता येतं. त्याचा नालबंद आपल्या ओळखीचा निघतो. मालकालाही ठाऊक असतं की उद्या आपली गाठ पडणार आहे.

पहिला पाहिलेला घोडा फार शांत होता, पण दोन हात लांबून बरगड्या मोजता येत होत्या. घोड्याची अंगलट मोजायला १ ते ९ अशी एक पट्टी आहे, डॉन हेनेके यांनी अमेरिकेत १९८३ मध्ये मांडलेली. ५ म्हणजे बेताचा. हा माझ्या अंदाजाने ३ होता. उपाशी घोडा गरीबच असतो. तीन महिने पोटभर वैरण मिळाली की खरा स्वभाव बाहेर येतो, आणि तो कसा असेल हे कुणीच सांगू शकत नाही. दुसरी घोडी आठ वर्षांची म्हणून सांगितली होती. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक उभी खाच असते, हिरडीपाशी ती साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराव्याला अर्ध्या दातापर्यंत उतरते आणि विसाव्याला टोकाला पोचते. गॅल्व्हेनची खाच म्हणतात तिला. वय वाढलं की दातांचा अंदाज ढिला होत जातो, दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतात. पण या घोडीची खाच जवळजवळ टोकाला आली होती. आठ आणि अठरा यांतला फरक अंदाजातला नसतो. मी आभार मानून निघाले.

तिसऱ्याने मला मोहात पाडलं. देखणा, चालीला मऊ, पाण्यात सरळ उतरणारा. पण मी खाली वाकून खूर बघितले. खूर केसांच्या रेषेपासून खाली वाढत जातो, आणि पुढच्या टोकाशी जमिनीपर्यंत पोचायला त्याला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे घोड्याचं गेलं वर्ष खुरावर लिहिलेलं असतं. वैरण बदलली, ताप येऊन गेला, तर एखादं वळं उठतं, त्याचं काही विशेष नाही. पण याच्या दोन्ही पुढच्या खुरांवरची वळी टाचेकडे रुंद आणि टोकाकडे दाटीने जवळ आलेली होती. हात फिरवला की बोटांना कळायचं. खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येऊन गेल्याची ती खूण असते, आणि तो आजार एकदा झाला की पुन्हा होण्याची भीती राहतेच. मालकांना विचारलं, "मागच्या वर्षी कधी लंगडला होता का?" ते म्हणाले, "छे, कधीच नाही." खूर वेगळं सांगत होता. मी खुरावर विश्वास ठेवला.

चौथी पाहिली ती घोडी सावली.

सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचले. घोडी माळावर चरत होती, अंगावर वाळलेला चिखल. मालक काका सत्तरीचे. म्हणाले, "लवकर आलात? बरं झालं. ती मोरकी घ्या आणि तुम्हीच पकडून आणा." मी चालत गेले. घोडीने मान वर केली, एक कान माझ्याकडे, एक घास संपवला, आणि दोन पावलं माझ्याच दिशेने टाकली. दिसायला साधी. रंग मातकट, डोकं जरा मोठं, मागच्या डाव्या पायाला ढोपराखाली जुना व्रण. मी विचारायच्या आधीच काका म्हणाले, "ती तार लागली होती, चौथ्या वर्षी. आणि थंडीच्या सकाळी तो पाय पहिली पन्नास पावलं जरा आखडतो. चौदा वर्षांची आहे, लपवत नाही." मी तोंड उघडून पाहिलं. खाच अर्ध्या दातापर्यंत जेमतेम पोचत आली होती.

मग काकांनी मला विचारायला सुरुवात केली. आठवड्यात किती दिवस फिरणार? तुम्ही गावाला गेलात की चंदी-पाणी कोण करणार? दुसरा घोडा आहे का सोबतीला? तुमचं वजन किती, खोगिराचं किती? इतके प्रश्न मला तुफानच्या वेळी कुणी विचारले असते तर तो व्यवहार झालाच नसता. वजनासाठी त्यांनी फीत काढली आणि घोडीच्या छातीचा घेर घेतला, १७२ सेंटिमीटर. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५०. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. आलं सुमारे ३७३ किलो. खोगिरासकट स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे सावलीसाठी ७५ किलोच्या आत. माझे ५८, खोगीर ९. काकांनी मान हलवली. "जमेल. पण उतारावर तुम्ही खाली उतरून चालायचं, पाय आखडला असेल तर."

दुसऱ्यांदा मी मुद्दाम वाऱ्यापावसाच्या दिवशी गेले. झाडं हलत होती, कुंपणाला अडकलेला प्लास्टिकचा कागद फडफडत होता. काका आधी स्वतः बसले, मग मी. सावलीला एकटीलाच घेऊन निघाले, कारण सोबतीने सगळेच घोडे शूर असतात. फाटकातून बाहेर पडताना ती जरा रेंगाळली, पण अडली नाही. कागदाकडे तिने मान वळवून बघितलं, एकदा फुरफुरली, आणि चालत राहिली. मागून सायकल आली, एक कुत्रा भुंकत धावला, नुसते कान हलले.

ओढ्याशी मात्र थांबली. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. माझी टाच आपोआप उचलली गेली होती, तेवढ्यात काकांचं वाक्य आठवलं, "घाई करू नका, ती विचार करते." मी लगाम सैल सोडला. तिने मान खाली केली, नाक पाण्याला टेकेल इतकी. घोड्याला नेमकं नाकाखालचं दिसत नाही, म्हणून तो मान खाली-वर करून, हुंगून अंदाज घेतो. त्या वेळी लगाम आखडला तर आपण त्याचे डोळेच बांधतो. तिने श्वास सोडला, पाण्यावर तरंग उठले. मग पुढचा उजवा खूर उचलून एकदा पाणी थोपटलं. मी मनात वीसपर्यंत मोजले असतील. आणि मग एक पाय, दुसरा पाय, तळातल्या गोट्यांवर खुरांचा खळखळ आवाज, आणि आम्ही पलीकडे. तुफानने हा ओढा उडी मारून पार केला असता. त्या पैलतीरावर, पावसात भिजत, मला ही घोडी हवी आहे हे मला कळलं.

तरीही त्या दिवशी विसार दिला नाही.

तिसऱ्या वेळी माझ्या पशुवैद्यक डॉक्टरांना घेऊन गेले. डॉक्टर आपला असावा, विकणाऱ्याचा नको, यावर मी ठाम आहे. विकणारा लबाड असतो असं नाही, पण त्या दिवशी डॉक्टरने एकाच बाजूचा विचार करायला हवा. त्यांनी कडक जमिनीवर दुडकी चालवून पाहिलं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो. सावलीचं डोकं स्थिर होतं. मग मागचा डावा पाय साठ सेकंद दुमडून धरला, सोडला आणि लगेच चालवली. पाच-सहा पावलं आखडली, मग मोकळी झाली. काकांनी सांगितलं होतं तेच. रक्त घेतलं, संसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी, आणि एक नमुना वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध अंगात नाही ना हे बघायला. काकांना त्याचं वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. ते म्हणाले, "घ्या की. मीही घेतलं असतं."

डॉक्टरांनी "पास" किंवा "नापास" असं काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हिच्याकडून काय हवंय?" चालत रपेट, आठवड्यातून तीन दिवस, म्हटल्यावर म्हणाले, "मग घ्या. उड्या मारायच्या असत्या तर नको म्हटलं असतं."

अहवाल स्वच्छ आले, आणि मग कागद केला. दोन प्रती, दोघांच्या सह्या. घोडीचं वर्णन, कपाळावरचा आणि मानेवरचा भोवरा नेमका कुठे, ढोपराखालचा व्रण, मानेत बसवलेल्या चिपचा १५ अंकी क्रमांक, मालकाने सांगितलेला दोष, दोन आठवड्यांत न जमल्यास परत करण्याची मुभा. शेवटचं वाक्य काकांनी घालायला लावलं: पुन्हा विकायची झाली तर आधी त्यांना विचारायचं. ते लिहिताना ते दुसरीकडे बघत होते.

घरी आणल्यावर तीन आठवडे ती इतर घोड्यांपासून लांब, वेगळ्या बादलीने पाणी, रोज ताप मोजायचा. काकांनी तिच्या सवयीच्या चंदीचं एक पोतं सोबत दिलं होतं. ते आमच्या चंदीत मिसळत दहा दिवसांत हळूहळू बदल केला, कारण घोड्याला उलटी होत नाही, पोटात बिघडलं की थेट पोटशूळ. पहिल्या दोन रात्री ती सारखी खिंकाळत होती. दुसऱ्या आठवड्यात खोगीर ठेवलं की कान मागे टाकायला लागली. मला तुफान आठवला आणि छातीत धस्स झालं. काकांना फोन केला. तासाभरात आले, तंगाखाली बोटं घातली, आणि म्हणाले, "खोगीर चार बोटं पुढे येतंय. तंग कोपराला काचतोय हिच्या." खोगीर मागे सरकवलं. कान पुढे आले. निघताना त्यांनी तिच्या कपाळाला कपाळ लावलं, मला वाटतं ते त्यासाठीच आले होते.

पाच महिन्यांनी, पाऊस उघडल्यावर, आम्ही त्याच ओढ्यावर होतो. सावली पाणी पीत होती. पलीकडून टापांचा आवाज आला आणि तुफान वळणावरून आला, दुडकीत, घामाने काळा. त्या मुलीने त्याला पाण्याच्या काठाला उभा केला, पायउतार झाली, तंग सैल केला. मला बघून हसली, काही बोलली नाही. आधी त्याला पाणी पाजलं, थोडं चालवलं. मग कोपरामागे नळी लावून घड्याळाकडे बघत राहिली. तुफान तिच्या शेजारी स्थिर उभा होता.

तिने मान वर केली आणि ओढ्यापलीकडून मला ओरडून सांगितलं, "ताई, बावन्न!"